तीन आवाजांची चिप आणि हलच्या सभागृहातला वाद्यवृंद

जुलै २०२५ मध्ये 'कमोडोर' या जुन्या संगणक कंपनीचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. नावाची मालकी नव्या मंडळींकडे गेली आणि त्यांनी 'कमोडोर ६४ अल्टिमेट' नावाचा संगणक जाहीर केला. बाहेरून १९८२ च्या मॉडेलसारखाच, आत मात्र जुन्या सर्किटसारखी तंतोतंत वागणारी आजची चिप. बातमी वाचून एका मित्राने मला विचारलं, "चाळीस वर्षांपूर्वीचा डबा, मेमरी अवघी ६४ केबी. मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावायचा नाही. तो परत कशाला आणायचा?"

याला उत्तरं बरीच आहेत. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे त्या संगणकाचं संगीत. त्यावरच्या गेमना ज्या चाली होत्या, त्या लोक आजही नव्याने वाजवतात. कुणी इलेक्ट्रिक गिटारवर, कुणी पियानोवर, कुणी नाचाच्या ठेक्यावर. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये तर सभागृहात, पूर्ण वाद्यवृंद बसवून त्या सादर झाल्या आहेत. यातल्या बहुतेकांचा हा पोटापाण्याचा धंदा नाही. दिवसा नोकरी करायची आणि रात्री हेडफोन लावून तीन मिनिटांची एक चाल घोटत बसायचं, असं ते वर्षानुवर्षं करत आलेत.

या कामाला ते 'रिमिक्स' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की कपाळावर आठी पडते, कारण जुन्या सुंदर गाण्याला धडाधडा ठेका लावून त्याची वाट लावलेली आपण पुष्कळ ऐकली आहे. इथला प्रकार बराच वेगळा आहे. का वेगळा आहे, हे कळायला मूळ यंत्रापासून सुरुवात करावी लागेल.

## आधी यंत्र पाहू

कमोडोर ६४ हा 'होम कॉम्प्युटर' होता, म्हणजे घरातल्या टीव्हीला जोडायचा संगणक. सगळं यंत्र कीबोर्डच्या जाड खोक्यातच असायचं. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत होती ५९५ डॉलर. पुढे ती झपाट्याने उतरली आणि तो इतका खपला की विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत दिले जातात. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियातल्या एका अख्ख्या पिढीने गेम म्हणजे काय ते यावर अनुभवलं.

भारतात तो घरोघरी पोचला नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आला तो टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम', ज्यात रंगीत प्लास्टिकच्या कॅसेटी खुपसायच्या. ती निन्टेंडोच्या जपानी यंत्राची नक्कल होती. तिच्यातला तो टोकदार, टुणटुणीत आवाज ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांना कमोडोरचं संगीत फार परकं वाटणार नाही. दोन्हींचं गोत्र एकच: आधी मुद्रित केलेलं गाणं वाजवायचं नाही, एका छोट्या चिपने तिथल्या तिथे आवाज तयार करायचा.

त्या काळच्या पुष्कळ संगणकांत ही सोय अगदीच तुटपुंजी होती. ब्रिटनमध्ये तितकाच लोकप्रिय असलेला ४८ केबीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' घ्या. त्याचा स्पीकर फक्त चालू किंवा बंद होऊ शकायचा. दाराच्या बेलचं बटण भराभर दाबून गाणं काढायचं, तसाच तो खटाटोप. कमोडोरने मात्र संगीतासाठी वेगळी चिप बसवली. तिचं नाव 'सिड'. एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीतल्या बॉब यानिस या अभियंत्याने ती १९८१ मध्ये आखली. यानिस यांना संगीताची जाण होती आणि गेमचे पिकपिक आवाज काढणारी चिप त्यांना नको होती. खरा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्य, हवा होता. पुढे त्यांनी 'एन्सोनिक' ही सिंथेसायझर बनवणारी कंपनीच इतरांसोबत काढली, यावरून त्यांचा ओढा कुठे होता ते दिसतं.

## तीन आवाजांत काय मावतं?

सिड चिप एका वेळी तीनच आवाज काढू शकते. तीन वादक आहेत असं समजा, चौथा नाही. पण यातला प्रत्येक जण चार वाद्यं वाजवू शकतो. पहिल्या वाद्याचा आवाज मऊ, बासरीच्या जवळ जाणारा. दुसरा करवतीच्या दातांसारखा धारदार, थोडा पितळी. तिसरा पोकळ, ज्याची जाडी वाजता वाजता कमीजास्त करता येते. त्यामुळे सूर जागच्या जागी लहरतो. चौथ्याला सूरच नाही, नुसती खरखर. रेडिओच्या दोन स्टेशनांमध्ये ऐकू येते ती. तिच्यातून झांज, ढोल, स्फोट, पाऊस, हवं ते काढायचं.

एखादा स्वर कसा जन्मतो आणि कसा विरतो, हेही ठरवता येतं. देवळातली घंटा टण्णकन वाजते आणि मग तिचा नाद बराच वेळ विरत राहतो. पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर एकसारखा टिकतो आणि बोट उचललं की थांबतो. सिडला या दोन्ही तऱ्हा जमतात. शिवाय एक 'फिल्टर' आहे: शेजारी लाऊडस्पीकर चालू असताना खिडकी हळूहळू लावून घेतली की आवाजाची धार जाते आणि घुमणं उरतं, तसा परिणाम हा फिल्टर देतो. खिडकी उघडत नेली की धार परत येते. हे उघडझाक संगीतकाराच्या हातात होतं.

तीन आवाज, चार वाद्यं, एक फिल्टर. बस्स. याच सामानावर पाच-सहा मिनिटांची रचना उभी करायची. आणि गेम चालू असताना गोळी सुटली की तिन्हीपैकी एक वादक मध्येच उठून 'ढिश्यांव' करणार, हेही धरून चालायचं.

## गाणं नव्हे, गाण्याची कृती

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आज आपण ऐकतो ते गाणं म्हणजे ध्वनिमुद्रण. कुणीतरी गायलं, ते साठवलं, आपण वाजवलं. कमोडोरवरची चाल म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो सेकंदाला पन्नास वेळा चिपला सांगतो: पहिल्या आवाजाची पट्टी इतकी, दुसऱ्याचा जोर इतका, फिल्टर इतका उघडा. ध्वनिमुद्रण म्हणजे डब्यात भरून आलेली पुरणपोळी, आणि हा प्रोग्राम म्हणजे पुरणपोळीची कृती. प्रत्येक घरी चिप ती नव्याने लाटते आणि भाजते.

कृती लिहायला जागा किती लागते? बऱ्याच चाली पाच केबीच्या आसपास बसतात. तीन मिनिटांचं साधं एमपीथ्री गाणं याच्या पाचशे पटींहून मोठं असतं. पाच केबीत युनिकोड देवनागरीची सतराशेच्या आसपास अक्षरचिन्हं मावतात, म्हणजे या लेखाचे पहिले पाच-सहा परिच्छेद भरेपर्यंत जागा संपते. तेवढ्यात संपूर्ण चाल, तिच्यातली वाद्यं आणि ती वाजवणारा प्रोग्राम, सगळं.

रॉब हबर्ड हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात जन्मलेले हबर्ड आधी व्यावसायिक वादक होते, नंतर संगणकाकडे वळले. स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे नव्हतं. यंत्राला कळणाऱ्या भाषेत, आकड्यांच्या ओळीच्या ओळी टाइप करून ते संगीत लिहायचे आणि ते वाजवणारा प्रोग्रामही त्यांनी स्वतः घडवला होता. मँचेस्टरच्या 'ओशन' या गेम कंपनीत नोकरीला असलेले मार्टिन गॉलवे, शेफील्डच्या 'ग्रेमलिन'साठी लिहिणारे बेन डॅग्लिश, जर्मनीचे ख्रिस ह्युल्सबेक, नेदरलँड्सचे येरून टेल ही त्यांच्याच पंक्तीतली नावं. गॉलवे हे प्रख्यात बासरीवादक जेम्स गॉलवे यांचे पुतणे. बहुतेक जण तेव्हा विशीच्या अलीकडे-पलीकडे होते.

## फुलबाजीचं वर्तुळ

दिवाळीत लहान मूल अंधारात पेटती फुलबाजी गोल फिरवतं तेव्हा आपल्याला प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ दिसतं. वर्तुळ तिथे नसतं. एकच ठिणगी असते, पण ती इतक्या वेगाने फिरते की डोळा फसतो.

सिडच्या संगीतकारांनी कानाला असंच फसवलं. पाश्चात्त्य संगीतात 'कॉर्ड' म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पेटीवर सा, ग, प एकदम दाबले की होतो तो गुच्छ. चिपकडे एकूण आवाजच तीन. एका कॉर्डमध्येच तिन्ही खर्ची पडले तर चाल कोण वाजवणार? मग त्यांनी एकाच आवाजाला सा-ग-प-सा-ग-प असं सेकंदाला पन्नास पावलांच्या वेगाने पळवलं. कानाला तीन सुटे स्वर ऐकू येत नाहीत, एक थरथरता गुच्छ ऐकू येतो. कमोडोरच्या संगीताची ती ओळखीची बुडबुडती झणझण इथून आली. शैली म्हणून ती कुणी निवडली नव्हती. वादक कमी होते म्हणून काढलेली ती वाट होती.

दुसरी युक्ती ठेक्याची. नारदीय कीर्तनातला बुवा गातो, निरूपण करतो आणि मध्येच चिपळ्याही वाजवतो. एकाच माणसाकडे तीन कामं. तसाच एक आवाज खर्जातल्या स्वराला सुरुवात करताना पहिले दोन-तीन क्षण खरखर काढतो, म्हणजे ढोलाची थाप, आणि लगेच खर्जावर येतो. क्षण म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. ऐकणाऱ्याला ढोलकवालाही आहे आणि खर्जवालाही आहे असं वाटतं.

या दोन युक्त्यांमुळे तिसरा आवाज मुख्य चालीसाठी मोकळा राहिला. आणि तो एकटाच असल्यामुळे त्याच्यावर सगळा भार पडला. मागे भरगच्च वाद्यं असली की चाल थोडी अशक्त असली तरी निभून जाते. इथे मागे लपायला जागाच नव्हती. म्हणून त्यांनी त्या एकट्या आवाजाला मींड दिली, कंप दिला, स्वर सोडताना हलकासा झोका दिला. गॉलवे यांच्या 'विझबॉल' (१९८७) या गेमच्या संगीतात चिपमधून गिटार रडल्यासारखी वाटते ती यामुळेच. माझं म्हणणं असं की या चाली चाळीस वर्षं टिकल्या त्या ओढगस्तीमुळे. त्यांच्यात टाकाऊ स्वर ठेवायला जागा नव्हती.

## मग रिमिक्समध्ये नेमकं काय करतात?

काटेकोर अर्थाने रिमिक्स म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातले गायक, ढोल, गिटार असे वेगवेगळे पदर सुटे करून पुन्हा नव्या प्रमाणात मिसळणं. इथे मूळ ध्वनिमुद्रणच नाही, त्यामुळे मिसळायला पदरही नाहीत. ही मंडळी करतात ती नवी बांधणी. एकच बंदिश दोन घराण्यांतले गायक वेगवेगळी मांडतात, त्याच्या हे बरंच जवळ आहे.

पहिलं काम म्हणजे मूळ चाल मिळवणं. ती सोय चाहत्यांनीच केली. १९९० च्या सुमारास 'अमिगा' या कमोडोरच्याच पुढच्या संगणकावर 'प्लेसिड' नावाचा प्रोग्राम आला. त्यासाठी गेममधून फक्त संगीताचा भाग कापून वेगळा काढायची पद्धत रूढ झाली. १९९६ पासून 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' या संग्रहात अशा चाली एकत्र केल्या जात आहेत. आज तिथे पन्नास हजारांहून जास्त चाली आहेत, संगीतकाराच्या नावासह, नीट लावून ठेवलेल्या. हे सगळं कुठल्याही सरकारी संग्रहालयाने केलेलं नाही. लोकांनी फावल्या वेळात केलं आहे, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. त्यांनी ते केलं नसतं तर चुंबकीय फितींवरचा हा ठेवा बुरशीने खाल्ला असता.

चाल मिळाली की ती उलगडायची. तीन आवाज एकेक करून वेगळे ऐकायचे, कोणता कधी काय करतो ते टिपून घ्यायचं. हे काम यंत्रावर सोपवता येतं, पण मग गंमत होते. यंत्राला फुलबाजीचं वर्तुळ दिसत नाही, त्याला ठिणगीच दिसते. ते इमानदारीने सेकंदाला पन्नास स्वर लिहून देतं. ते जसेच्या तसे पियानोकडे दिले तर नुसता खडखडाट होतो. तिथे माणसाने ऐकून ठरवावं लागतं, की हा एक कॉर्ड आहे, व्हायोलिनच्या तीन गटांना वाटून द्यावा. ही खरखर म्हणजे ढोल आहे, ही मात्र झांज. सिडच्या खर्जाआड दडलेला ढोल सुटा करून ढोलवाल्याच्या हाती देणं, हे रिमिक्स करणाऱ्याचं खरं कसब.

नंतर रुचीचा प्रश्न. काही जण चालीला क्लबच्या ठेक्यावर नेतात. कोपनहेगनच्या 'प्रेस प्ले ऑन टेप' या बँडने ती गिटार, ड्रम आणि कीबोर्ड घेऊन रंगमंचावर आणली. बँडच्या नावातला संदर्भ कमोडोर वापरलेल्या कुणालाही लगेच कळतो: कॅसेटवरून गेम चढवताना पडद्यावर येणारी सूचना म्हणजे हीच. स्वीडनच्या 'मशिने सुप्रिमसी'ने हेवी मेटलच्या गिटारींत खऱ्या सिड चिपचा आवाज मिसळला. आणि ह्युल्सबेक यांच्या चाली २००८ मध्ये कोलोनला डब्ल्यूडीआर या जर्मन प्रसारण संस्थेच्या वाद्यवृंदाने सादर केल्या. त्यांची वाद्यरचना फिनलंडच्या योन्ने वाल्टोनेन यांनी केली होती. तेही तरुणपणी घरच्या संगणकावरच संगीत करत मोठे झाले.

मूळ संगीतकारही बाजूला बसून राहिलेले नाहीत. 'लास्ट निन्जा २'चे (१९८८) मॅट ग्रे यांनी चाहत्यांकडून लोकवर्गणी गोळा करून आपल्या जुन्या चाली स्वतः नव्याने मुद्रित केल्या. डॅग्लिश २०१८ मध्ये गेले. त्याआधी कितीतरी वर्षं ते चाहत्यांच्या मैफलींत बासरी घेऊन उभे राहायचे आणि आपणच लिहिलेल्या चाली वाजवायचे.

## "मूळ आहे तसंच का ऐकत नाहीत?"

हा आक्षेप गेमवर मनापासून प्रेम करणारेच घेतात, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. मूळ ऐकावंच. पण मूळ म्हणजे नक्की कोणतं?

सिडचा फिल्टर जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ॲनालॉग सर्किटचा होता आणि तो बनवताना प्रत्येक चिपमध्ये थोडा फरक पडायचा. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिप एकच चाल वेगवेगळ्या वाजवायच्या: एकीत खिडकी सताड उघडी, दुसरीत अर्धी लावलेली. पुढे चिपची नवी आवृत्ती आली. तिच्यात फिल्टर जास्त नेमका होता, पण जुन्या चिपमधला एक दोष नाहीसा झाला. संगीतकार तर त्याच दोषाचा उपयोग करून ढोलाचे खरे, मुद्रित आवाज काढत होते. नव्या यंत्रावर ते ढोल जेमतेम ऐकू येऊ लागले.

आणखी एक भानगड विजेची आणि टीव्हीची. युरोपातला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र बदलायचा, अमेरिकेतला साठ वेळा. संगीत त्या ठोक्याला बांधलेलं असायचं. त्यामुळे युरोपात लिहिलेली चाल काही बदल न करता अमेरिकेत चालवली की वीस टक्के जलद धावायची आणि पट्टीही किंचित चढायची. मँचेस्टरच्या मुलाने ऐकलेली चाल आणि शिकागोच्या मुलाने ऐकलेली चाल, दोन्ही खऱ्या. रिमिक्स करणारा यातली आपल्या घरात ऐकलेली चाल डोक्यात धरून बसलेला असतो.

## "ही तर दुसऱ्याच्या चालीची चोरी"

चोरीचा प्रश्न विचारताना आधी मूळ चालींचंच मूळ पाहावं लागतं. हबर्ड यांची सर्वांत गाजलेली रचना 'मॉन्टी ऑन द रन' (१९८५). तिच्यावर चार्ल्स विल्यम्स यांच्या 'डेव्हिल्स गॅलप'ची छाया स्पष्ट आहे. ब्रिटिश रेडिओवरच्या एका जुन्या हेरकथामालेची ती ओळखधून. 'झॉइड्स' (१९८६) तर लॅरी फास्ट यांच्या रचनेवरून घेतलेली आहे. 'कमांडो' हा गेम जपानी आर्केड यंत्रावरून, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरून आला. हबर्ड यांनी मुलाखतीत सांगितलंय की मूळ संगीत एकदा ऐकून ते रात्रभर कंपनीच्या कचेरीत बसले आणि सकाळी माणसं कामावर आली तेव्हा तिथल्या प्रत्येक कमोडोरवर नवी चाल वाजत होती. म्हणजे आज ज्यांची रिमिक्स होतात त्यांतल्या काही चाली मुळात रिमिक्सच होत्या.

पण परंपरा आहे म्हणून कायदा बाजूला राहत नाही. संगीतरचनेवर रचनाकाराचा किंवा त्याच्या कंपनीचा हक्क असतो. ब्रिटनमध्ये तो मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी नुसार, मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन तीच रचना नव्याने मुद्रित करता येते. अट अशी की मालकाच्या संमतीशिवाय, तांत्रिक गरजेपलीकडे तिच्यात फेरफार करायचा नाही. रिमिक्सचा प्राणच फेरफारात असल्याने संमती घ्यावीच लागते.

आणि संमती देणार कोण? इथे गावाकडच्या सातबाऱ्याची आठवण होते. आजोबांच्या नावावरची जमीन, मग चार मुलगे, अकरा नातवंडं, एक मुंबईत, एक परदेशात, आणि उताऱ्यावर कुणाचं नाव चढलंय ते तलाठ्यालाच ठाऊक. काही संगीतकार स्वतंत्रपणे काम करायचे, काही पगारावर होते. 'ओशन' आणि 'ग्रेमलिन' दोन्ही कंपन्या पुढे फ्रेंच 'इन्फोग्राम्स'ने घेतल्या आणि तिनेही नंतर 'अटारी' हे नाव धारण केलं. पाच केबीच्या चालीचे कागद इतक्या हातांतून फिरले. म्हणून विकायच्या अल्बमसाठी रीतसर परवाने घेतले जातात, आणि फुकट वाटलेल्या चाहत्यांच्या रिमिक्सकडे मूळ संगीतकार बहुधा आपुलकीने पाहतात. ती आपुलकी आहे, कायदेशीर परवाना नव्हे, हा फरक विसरू नये.

खरा अन्याय झाला तो वेगळ्या दिशेने. जगभरच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक 'ओ-ओ-ओ' करत जी धून गातात, ती १९९९ सालच्या 'कर्नक्राफ्ट ४००' या जर्मन नृत्यगीतातली. तिची मूळ चाल डेव्हिड व्हिटेकर यांच्या 'लेझी जोन्स' (१९८४) या कमोडोर गेममध्ये आहे. सुरुवातीला त्यांना विचारलं गेलं नव्हतं, नंतर पैसे देऊन प्रकरण मिटलं.

दुसरं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. फिनलंडच्या यान्ने सुनी यांनी २००० मध्ये अमिगावर एक चाल रचली आणि नॉर्वेच्या ग्लेन रुने गॅलेफॉस यांनी तिचं सिडसाठी रूपांतर केलं. २००६ मधल्या नेली फर्टाडो यांच्या 'डू इट' या गाण्यात निर्माते टिंबलँड यांनी तीच वापरल्याचा आरोप झाला. हक्कधारक कंपनीने अमेरिकेत दावा लावला आणि तो २०११ मध्ये फेटाळला गेला. पुढच्या वर्षी अपिलातही तोच निकाल राहिला. कारण काय, तर दाव्याआधी तिथल्या कायद्याप्रमाणे रचनेची नोंदणी झाली नव्हती. चाल उचलली होती का, या प्रश्नापर्यंत निकाल पोचलाच नाही. रिमिक्स करणारा चाहता मूळ संगीतकाराचं नाव शीर्षकातच लिहितो. या प्रकरणाशेजारी ठेवलं की त्या एका ओळीची किंमत कळते.

## "हे सगळं फक्त बालपणाचं वेड"

वेड आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॅसेटवरून गेम चढायला कित्येक मिनिटं लागायची. तोवर मुलांनी कंटाळून उठू नये म्हणून 'ओशन'ने त्या वेळेत वाजायला खास चाली करून घेतल्या. पहिल्या दोन गॉलवे यांच्या, पुढच्या पीटर क्लार्क आणि जोनाथन डन यांच्या. विचार करा: दहा वर्षांचं मूल, पुढ्यात एक स्थिर चित्र, हात रिकामे, आणि एकच चाल पुन्हापुन्हा. असं लक्ष देऊन संगीत ऐकायची संधी त्या वयात क्वचितच मिळते. ती चाल हाडीमांशी खिळणारच.

पण केवळ आठवण असती तर ती त्या पिढीपुरतीच राहिली असती. २००० नंतर जन्मलेली, कमोडोरला कधी हातही न लावलेली मुलं आज याच चिपसाठी नव्या चाली लिहितात. आणि मी स्वतः त्या यंत्रावर एकही गेम खेळलेलो नाही. लहानपणी पेटी शिकताना गुरुजी एकच बोट वापरून चाल वाजवायला लावायचे, दुसरा हात फक्त भात्यावर. "एका बोटात गाणं दिसलं पाहिजे," म्हणायचे. हबर्ड यांची चाल पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तो धडा आठवला.

## कुठून ऐकायला लागावं?

सुरुवात 'मॉन्टी ऑन द रन'च्या मूळ सिड आवृत्तीने करा. पूर्ण ऐका, कारण मध्यावर चाल अशी वळते की एखादा व्हायोलिनवादक एकटाच पुढे आलाय असं वाटतं. नंतर तिचीच गिटारवरची एखादी बांधणी ऐका. मग १५ जून २०१९ ला हलच्या सिटी हॉलमध्ये हल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने कमोडोरच्या चालींची जी मैफल केली, तिच्याकडे वळा. हबर्ड यांचं हे जन्मगाव. एकट्याने रात्री टाइप केलेल्या आकड्यांच्या ओळी तिथे व्हायोलिन, बासऱ्या आणि तुताऱ्यांत वाटल्या गेल्या. त्यानंतर परत मूळ चालीकडे या, आणि या वेळी मुख्य चालीकडे लक्ष न देता मागची झणझण ऐका. वाद्यवृंदात जे स्वर सुटे सुटे ऐकले, ते त्या एका फिरत्या ठिणगीत सापडायला लागतात.

मूळ ऐकताना इयरफोनच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखाच आवाज आला तर तो बिघाड समजू नका. कमोडोर ६४ मधून टीव्हीकडे आवाज जायचा तो एकाच वाटेने.